ट्रॉलरमागची बोट

करोनाच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी घरोघरी केक केले. माझ्या बाबांनी पुण्यात बसून एका पाणबुडीचं चरित्र लिहायला घेतलं.

बाबा मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्त होऊन पुण्याला आले आणि निवृत्त माणसं जी कामं गुण्यागोविंदाने करतात, त्यातलं एकही त्यांना जमलं नाही. बागेत गोल उभं राहून हसणं त्यांना मूर्खपणाचं वाटे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हवरून भांडून येत. लॉकडाऊनने बागही बंद केली आणि मीटिंगही, तेव्हा त्यांनी ही बोट काढली. गोदीतली माणसं पाणबुडीला बोटच म्हणतात, त्यामुळे आमच्या घरातही तोच शब्द.

बोट पहिल्या महायुद्धाच्या आधीची. ब्रिटिशांची, किनाऱ्यालगत राहून बंदरांची राखण करायला बांधलेली. नाव नाही, नुसतं एक अक्षर आणि एक आकडा. इंजिन पेट्रोलचं, त्यामुळे आतल्या पंधरा-सोळा माणसांनी श्वासाबरोबर पेट्रोलची वाफ घ्यायची. वाफ फार झाली तर आधी कळावं म्हणून पांढरे उंदीर पाळत म्हणे. संडास नाही, पाठ टेकायला जागा नाही. बाबांचं म्हणणं असं, की मोठ्या युद्धनौकांवर लिहायला सगळे धावतात, पण मुकाट्याने चाकरी करून शेवटी भंगारात गेलेल्या अशा बोटीवर दोन पानं खर्च करायला कोणी तयार नसतं. "हिची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी मराठीत यायला पाहिजे," ते म्हणाले. "कोणाला पाहिजे?" असं आईने स्वयंपाकघरातून विचारलं. त्यांनी ते ऐकलं नाही, आणि मीही.

मी तेव्हा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला खेटून असलेल्या बेस्ट नावाच्या गावात राहत होते. अजूनही तिथेच आहे. आजूबाजूला दर तिसऱ्या घरात इंजिनीअर, त्यातलेच आम्ही दोघे नवरा-बायको. यंत्र बंद पडलं की ते का पडलं हे शोधून काढणं हे माझं काम. लोक सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. ऑपरेटर म्हणतो, मी काहीच केलं नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित. कोणीतरी खोटं बोलत असतं आणि मला ते शोधून काढायचे पैसे मिळतात. स्वभावही त्याला साजेसाच होता, त्यामुळे नोकरी आणि मी एकमेकींना चांगल्या मानवलो.

बाबांनी बोटीत मला भागीदार करून घेतलं. हॉलंड त्या युद्धात तटस्थ होतं, म्हणजे इथल्या वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंच्या बातम्या येत असणार, असा त्यांचा होरा. ती जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या कॉम्प्युटरवर वाचता येतात. माझं डच हुइसार्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, दुखणं सांगण्यापुरतं आणि गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, पत्रांपुरतं, पण समुद्राच्या बातम्यांत तेच ते शब्द येतात, ते मी शिकून घेतले. दर शनिवार-रविवारी व्हिडिओ कॉल. बाबा जेवणाच्या टेबलाशी, समोर कागद, मागे स्वयंपाकघराचं दार. त्या दारातून आई जा-ये करायची. कधी हातात परात, कधी कोथिंबिरीची जुडी. "झालं का तुमचं बोटीचं?" ती मधूनच विचारायची. शेवटची दोन मिनिटं फोन तिच्याकडे यायचा. थंडी आहे का, भाजी काय केलीस, असलं ती विचारायची आणि मी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं वर्तमानपत्र वाचत उत्तरं द्यायचे.

बोटीच्या चाकरीतला बाबांचा सर्वात लाडका भाग सापळ्याचा. जर्मन पाणबुड्या उत्तर समुद्रात मासेमारीच्या ट्रॉलरना बुडवायला लागल्या होत्या. एवढ्याशा ट्रॉलरवर टॉर्पेडो कोण वाया घालवणार, म्हणून त्या वर येऊन तोफेने काम उरकत. मग ब्रिटिशांनी एक ट्रॉलर वेड पांघरून पेडगावला पाठवला. वरून बघाल तर गरीब बिचारा, मासे पकडतोय. मागे पाण्याखाली, जाड दोराने बांधलेली आमची बोट. त्या दोराबरोबर टेलिफोनची तार. वर शत्रू दिसला की ट्रॉलरवरून फोन करायचा, बोटीने दोर सोडायचा आणि गुपचूप जाऊन टॉर्पेडो मारायचा. बोटीतल्या माणसांना वरचं काहीच दिसत नाही. तारेतून जे येईल तेच खरं मानायचं. परदेशात राहणाऱ्याला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कारण आमच्याकडे बाहेरगावी असलेल्याला वाईट बातमी कळवत नाहीत. ती काळजी असते, प्रेम असतं, सगळं मान्य. पण मी डेल्फ्टला शिकत असताना आजी गेली आणि मला तेराव्यानंतर कळवलं. "परीक्षा होती ना तुझी," असं वर सांगितलं. त्या तेरा दिवसांत मी दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा मला "सगळं ठीक आहे" सांगितलं गेलं होतं. तेव्हापासून माझ्या मते मराठीत याहून संशयास्पद वाक्य नाही.

दुसरी लाट आली तेव्हा मी कान टवकारूनच होते. पुण्याच्या बातम्या वाचवत नव्हत्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणी बेड मागत होतं, कोणी इंजेक्शन मागत होतं. आमच्याकडे बेस्टमध्ये लोक उन्हात दारासमोर खुर्च्या टाकून बसले होते, आणि ते सगळं पाहून मला उगाचच राग यायचा. आणि त्याच सुमाराला बाबांचे कॉल बंद झाले. आधी "नेट नीट नाही", मग "आवाज बसलाय, नुसतं लिहितो." लिहीत मात्र होते. बोटीचं पान रोज येत होतं.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती गुढीपाडव्याला. बाबांनी गुढीचा फोटो पाठवला. छान हिरवी खणाची गुढी, बाल्कनीत. मी तो मोठा करून पाहिला, कारण मी सगळेच फोटो मोठे करून पाहते. दिवाळीच्या सुमाराला बाबांनी बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी बसवून घेतली होती, भाव कमी करण्यावरून भांडून. फोटोत जाळी नव्हती. म्हणजे फोटो गेल्या वर्षीचा. आमच्याकडे गुढी बाबा उभारतात. अंगात ताप असला तरी उभारतात. गुढी उभारली नाही याचा अर्थ बाबा अंथरुणातून उठू शकत नाहीत. माझ्या दृष्टीने निदान झालं होतं.

मग रोज येणारं लिखाण कोणाचं? घरात दुसरं माणूस एकच. आई.

मला आईचा भयंकर राग आला. आजीच्या वेळीही तिनेच ताकास तूर लागू दिला नव्हता. बाबा आधीच लिहून ठेवलेली पानं हिला देत असणार आणि ही त्यांच्या फोनवरून माझ्याकडे पाठवत असणार, असं मी पक्कं ठरवून टाकलं. नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू बाबांचं टेस्टिंग सुरू करणार आता." मी म्हटलं, बाबांचं नाही, आईचं.

पकडायचं तर असं काहीतरी विचारायला हवं होतं जे पानांत नसेल आणि आईला ठाऊक असणं शक्य नाही. मला सापळ्यातला एक प्रसंग आठवला. शत्रू वर आला, ट्रॉलरवरून फोन गेला, बोटीने दोर सोडायचा प्रयत्न केला आणि बोटीकडची कडी अडकली. काही केल्या सुटेना. शेवटी ट्रॉलरने आपल्या टोकाचा दोर सोडून दिला आणि बोट ते सगळं लोढणं नाकाशी घेऊन लढायला गेली. नाक जड झालेलं, तोल जाणारा, तरी तिने नेम साधला. बाबा हे सांगताना खुर्चीतून उठायचे. मी मुद्दाम उलटं लिहिलं, "बाबा, डच पेपरात सापडलं ते जुळतंय. ट्रॉलरकडची कडी अडकली होती, बरोबर ना?" आणि वाट बघत बसले. आईला यातलं काय कळणार. ती "हो" म्हणणार, की सापडली.

उत्तर दुपारभर आलं नाही. मी एका मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद करून फोनकडे बघत. मग आलं, "साफ चूक. कडी अडकली आपल्या टोकाला. ट्रॉलरने त्याच्याकडून सोडलं. असला कचरा पेपर वाचत जाऊ नकोस."

ते बाबाच होते. तो चिडका सूर जगात दुसऱ्या कोणाला साधणार नाही. मला रडू आलं. मीटिंग संपल्यावर मी खाली जाऊन साबुदाणा भिजत घातला, उपास नसताना. मग थोड्या वेळाने डोकं परत चालायला लागलं. लिहिता येतं म्हणजे शुद्धीवर आहेत, बरे आहेत असं नाही. हॉस्पिटलमधूनही लिहिता येतं. मी आणखी प्रश्न टाकले. उंदरांचे, सरावात बोटीची टक्कर झाली होती त्याचे, युद्ध संपल्यावरच्या दिवसांचे. उत्तरं येत गेली, पण सलग नाही. मध्येच तासन्‌तास शांतता, मग एकदम तीन मेसेज. आवाज जरा सुटलाय म्हणून पाठवलेल्या एका व्हॉइस मेसेजमध्ये मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, लोकांचा कोलाहल. आमची सोसायटी रस्त्यापासून चांगली आत आहे. कुठेतरी पाणी मुरत होतंच.

शेवटी मी धमकी दिली. आज व्हिडिओवर दिसला नाहीत तर समोरच्या फ्लॅटवाल्यांना फोन करून दार ठोकायला सांगते. बाबा दिसले. बेडरूममध्ये बसलेले, मागे कपाट. दाढी वाढलेली, डोळे खोल, गालफडं बसलेली. मी उलटतपासणी घेतली. ताप? नाही. खोकला? नाही. चव कळते? कळते. ऑक्सिमीटर लावून दाखवा. त्यांनी तो शर्टाच्या खिशातून काढला, लावला आणि स्क्रीनसमोर धरला. आकडा उत्तम होता. त्या दिवसांत तो चिमटा सगळ्यांच्याच घरी असायचा, त्यामुळे तो खिशात का, असं मला वाटलं नाही. "दमलोय जरा," ते म्हणाले. "लिखाण फार झालं." मग त्यांनी आपणहून बोटीचा विषय काढला. सापळ्याची बातमी हळूहळू फुटली आणि मग समुद्रावर कोणीच कोणत्या मासेमारी होडीवर विश्वास ठेवीना. इथल्या डच कोळ्यांनाही दोन्ही बाजूंचे लोक अडवून झडत्या घेत. हे मीच त्यांना पेपरातून शोधून दिलं होतं, तेच ते मला समजावून सांगत होते. मी आनंदाने ऐकून घेतलं. "आईला सांगा फोन केला होता," असं म्हणून मी कॉल बंद केला.

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली.

नवरा ओट्याशी दोडकी सोलत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "आई कुठे होत्या?"

"असतील आत."

"आत म्हणजे कुठे? बाबाच तर आत बसले होते."

यंत्राचा एकेक भाग तपासत बसावं आणि कोणीतरी येऊन विचारावं, की हे वीजजोडणीला लावलंय का, तसं झालं. मागचे कॉल, मागचे मेसेज मी डोक्यात पुन्हा चालवून पाहिले. मी रोज लिहीत होते. बोटीबद्दल, बाबांच्या तब्येतीबद्दल, शेवटी सवयीने "आईला नमस्कार". तिचा आवाज मी कधीपासून ऐकला नव्हता, ते मला आठवेना. गुढी बाबा उभारतात हे मला सुचलं होतं. गुढीसमोरचा नैवेद्य कोण करतं, ते सुचलं नव्हतं.

मी परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नुसता आवाज आला.

"आईला द्या."

"झोपलीय."

"उठवा."

बाबा म्हणाले, "ती इथे नाही." आणि माझे बाबा, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते फोनवर रडायला लागले.

पाडव्याच्या आठवडाभर आधी आईला ताप आला होता. बेड मिळवायला दीड दिवस गेला. ती ऑक्सिजनवर होती आणि नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून बाबा दिवसभर हॉस्पिटलच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून असायचे. कधी औषध आणायला सांगतील, कधी नाव पुकारतील, याचा भरवसा नव्हता. तिथे बसून ते फोनवर बोटीचं लिहीत होते. माझ्या कडीच्या प्रश्नाला उत्तर दिलं ते तिथूनच.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडले. "मला वाटलं तुम्ही आजारी आहात. मी रोज विचारत होते."

"माझं विचारत होतीस," बाबा म्हणाले.

"पण का?"

"तिनेच सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना. म्हणाली, तिला कळवू नका, तिकडून ती काय करणार, विमानं बंद आहेत. मी म्हटलं, ती संशयी आहे, तिला कळेल. तर म्हणाली, तुम्ही बोटीचं बोलत राहा. बोटीचं चालू असलं की तिला मी आहे-नाही, काही कळत नाही."

आईने हे चिडून म्हटलं नव्हतं. बाबांच्या सांगण्यावरून तरी नाही. व्यवहाराची गोष्ट म्हणून सांगितली होती, दूध बंद करायला सांगावं तशी. ते मला जास्त लागलं. तिने मला अचूक ओळखलं होतं आणि त्या ओळखीवर सगळा बेत रचला होता. तो बेत मला समोर बसून, सगळे फोटो मोठे करून पाहूनही कळला नाही.

पुढचे दिवस मी सांगू शकेन असे नाहीत. दिवसातून एकदा आतली नर्स बाबांना तब्येत सांगायची आणि बाबा मला. आता ते काही लपवत नव्हते आणि मी एका शब्दावर विश्वास ठेवत नव्हते. आकडा बरा आहे म्हणाले की मला वाटे, बरा म्हणजे किती, स्पष्ट का सांगत नाहीत. बोटीबद्दल दोघंही बोललो नाही. एकदा त्यांनीच विषय काढायचा प्रयत्न केला, मला धीर द्यायला असेल, तर मी फोन ठेवून दिला. इथे सायकल घेऊन कालव्याकाठाने निघायचे आणि परत यायचे. कोणी ओळखीचं भेटलं आणि घरचे कसे आहेत असं विचारलं, तर मी ठीक म्हणून सांगायचे. घरी येऊन देवापुढे दिवा लावायचे, मी, जी कधी लावत नाही. मला आई हवी होती, बस. तिच्याशी काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं, तरी हवी होती.

आई वाचली. घरी आली ती नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं घरघरणारं यंत्र घेऊन. पहिल्या कॉलला तिने मला नुसतं पाहिलं आणि हात हलवला. दम लागेल म्हणून बाबांनी लगेच फोन काढून घेतला. मग रोज एकेक वाक्य वाढत गेलं. कालांतराने नळी निघाली, यंत्र परत गेलं. बाबांनीही बोटीची शेवटची पानं पुरी केली. युद्ध संपलं, चाकरी संपली आणि तिला भंगारात विकून टाकलं. मी ती वाचली. चांगली होती. त्यांना तसं कळवलं आणि बोटीचा विषय तिथेच थांबवला.

फोन मात्र मी रोज करायला लागले आणि आधी आईला मागायला लागले. रात्री झोप लागली का, पायाला गोळे येतात का, आज कोणती भाजी. मग पुढे जाऊन तिच्या माहेरचं विचारायचे, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी. तिला स्वतःविषयी बोलायची सवयच नव्हती. दोन वाक्यांत आटपायची आणि बाबांकडे फोन द्यायला बघायची. मी म्हणायचे, बाबा नकोत, तूच बोल. तेव्हा ती माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघायची.

एका रविवारी मी तिला विचारलं, लहानपणी तुला काय व्हावंसं वाटायचं?

तिने फोन डोळ्यांजवळ आणून माझा चेहरा न्याहाळला. मग म्हणाली, "तुला बरं नाहीये का?"

"बरी आहे ग."

"नोकरीचं काही?"

"नाही."

"जावयांचं आणि तुझं काही..."

"नाही ग आई. सहज विचारलं."

तिने फोन छातीशी धरला. तिच्या मते आता मला काही ऐकू येणार नव्हतं. स्क्रीनवर नुसता तिच्या गाऊनचा अंधार.

"अहो, जरा इकडे या," ती बाबांना दबक्या आवाजात म्हणाली. "हिचं काहीतरी बिनसलंय. सांगत नाहीये. तुम्ही काढून घ्या तिच्याकडून. मोठं काहीतरी झाल्याशिवाय ती माझं कशाला विचारेल?"